सुटलेली बी.कॉम., दहा वर्षांचा पेढीवरचा अनुभव आणि १३२ क्रेडिट: एका अर्जाचा पूर्ण हिशेब

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. एका व्यक्तीची ओळख यात नाही, आणि पेपरनिहाय आकडे हिशेब समजावा म्हणून मांडले आहेत. नियम मात्र खरे आहेत, आणि अर्ज जिथे अडकतो त्या जागाही.

अर्जदार तीस वर्षांची, इचलकरंजीची. २०१२ मध्ये बारावी वाणिज्य झाली. २०१२-१३ आणि २०१३-१४ या दोन वर्षांत बी.कॉम.चे पहिले व दुसरे वर्ष झाले, पण चौथ्या सत्रातला कॉर्पोरेट अकाउंटिंगचा पेपर राहिला. त्यातच लग्न झाले आणि तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचाच राहिला. २०१५ पासून ती एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब सांभाळते. सुरुवातीला टॅलीत नुसत्या नोंदी होत्या, १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून विवरणपत्रेही तिच्याकडे आली. बँक मेळ, टीडीएस, कामगारांचे पगारपत्रक हेही तीच करते. जून २०२५ मध्ये तिने पदवी पूर्ण करायचे ठरवले. तिची अपेक्षा साधी होती: दोन वर्षे झालीच आहेत, अनुभव दहा वर्षांचा आहे, तेव्हा थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळावा.

तसे झाले नाही. जे मिळाले तेही थोडे नव्हते, पण ते कुठून आले आणि बाकीचे का गेले, हे पेपरागणिक पाहावे लागते.

जुनी नोंदणी जिवंत आहे का?

पहिला प्रश्न मूळ विद्यापीठाला विचारायचा, आणि तोही लेखी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदवी पूर्ण करण्याची मुदत साधारणपणे अभ्यासक्रमाचा किमान कालावधी अधिक दोन वर्षे एवढी असते. अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष मिळू शकते. तीन वर्षांच्या बी.कॉम.ला २०१२ चा प्रवेश धरला तर ही मुदत २०१७ ला संपली. काही विद्यापीठे मधूनमधून जुन्या विद्यार्थ्यांना एकवेळची विशेष संधी देतात. म्हणून परीक्षा विभागाला कायम नोंदणी क्रमांक घालून अर्ज करायचा आणि उत्तर हाती येईपर्यंत पुढचे पाऊल टाकायचे नाही. या प्रकरणात उत्तर नकाराचे आले: नोंदणी संपली, जुना अभ्यासक्रम बंद झाला.

नोंदणी संपली म्हणून उत्तीर्ण झालेले पेपर पुसले जात नाहीत. गुणपत्रिका वैध असते. फक्त त्या पेपरांना आता दुसऱ्या, नव्या रचनेत जागा शोधावी लागते.

क्रेडिट बँकेबद्दलचा गैरसमज

‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जुने मार्क टाकून घेऊ’ असे बहुतेकांना वाटते. ही बँक म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाची एकके, जमा ठेवणारे ऑनलाइन खाते. तिचे विनियम जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झाले आणि २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून मिळवलेले क्रेडिटच त्यात जमा, हस्तांतर किंवा वापर यांसाठी चालतात. शिवाय क्रेडिटचे आयुष्य सात वर्षांचे. २०१२ ते २०१४ मधल्या पेपरांना या बँकेचा उपयोग नाही. ते पेपर प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाच्या समकक्षता समितीपुढेच ठेवावे लागतात. जुना पेपर नव्या पेपराच्या तोडीचा आहे का, हे ती समिती ठरवते.

तरीही बँकेचा बारा अंकी क्रमांक काढावाच लागतो, कारण यापुढे मिळणारे प्रत्येक क्रेडिट तिथेच जमा होणार आहे. तो डिजिलॉकरमधून निघतो आणि तिथे नाव, जन्मतारीख व लिंग आधारप्रमाणे लागते. महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांचे अर्ज सर्वांत जास्त इथेच खोळंबतात. गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव आणि वडिलांचे नाव, आधारवर सासरचे आडनाव आणि पतीचे नाव. संगणकाच्या दृष्टीने ही दोन माणसे. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद ही दोन्ही कागदपत्रे आधी तयार ठेवली तर काम सुरळीत होते. समकक्षतेचा अर्ज केल्यावर राजपत्राच्या मागे लागले तर प्रवेशाची तारीख निघून जाते. एका आडनावापायी वर्ष वाया जाणे फार वाईट, आणि ते सहज टाळता येते.

नव्या रचनेचा साचा

राज्य शासनाने एप्रिल २०२३ च्या निर्णयाने जी रचना आणली तिच्यात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची आहे. तिला प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाने सत्राला २२ धरून १३२ ठेवली होती. मराठी कागदपत्रांत ‘श्रेयांक’ हा शब्द दिसेल, तोच अर्थ. एक क्रेडिट म्हणजे वर्गातल्या शिकवणीचे १५ तास, किंवा प्रात्यक्षिक वा प्रत्यक्ष कामाचे ३० तास. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने घरचा अभ्यास धरून शिकण्याचे एकूण तास मोजले आहेत: क्रेडिटला ३०, वर्षाला १,२०० तास म्हणजे ४० क्रेडिट.

अडचण एकूण संख्येची नसते, ती टोपल्यांची, म्हणजे क्रेडिट ज्या गटांत विभागलेले असतात त्यांची असते. पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट या विद्यापीठात असे विभागले होते: मुख्य विषय १२, मायनर (दुय्यम विषय) २, मुक्त निवड ८, व्यावसायिक कौशल्य ४, कौशल्यवर्धन ४, भाषा ४, मूल्यशिक्षण ४, भारतीय ज्ञानप्रणाली २, सहअभ्यासक्रम ४. विद्यापीठागणिक एखाददुसऱ्या क्रेडिटचा फरक पडतो. २०१२ च्या बी.कॉम.मध्ये यांतल्या निम्म्या टोपल्या नव्हत्याच. त्यामुळे पहिले वर्ष पूर्ण उत्तीर्ण असूनही नव्या रचनेतले पहिले वर्ष आपोआप भरत नाही. ‘मी एफवाय पास आहे’ हे वाक्य समितीपुढे टिकत नाही. कोणता पेपर कोणत्या टोपलीत, हे दाखवणारा तक्ता टिकतो.

तक्ता कसा बनवला

डावीकडे जुना पेपर, त्याचे गुण, वर्ष आणि आठवड्याच्या तासिका. मधे त्याचे घटक. उजवीकडे नव्या अभ्यासक्रमातला पेपर, त्याचे क्रेडिट, स्तर आणि घटक. शेवटच्या रकान्यात जुळणीचे प्रमाण. यासाठी लागतो तो २०१२-१३ सालचा अभ्यासक्रम, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आज आहे तो नव्हे. चुकीच्या वर्षाचा अभ्यासक्रम जोडणे ही वारंवार होणारी चूक आहे, आणि समितीला ती लगेच दिसते. जुना अभ्यासक्रम अनेकदा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बांधलेल्या खंडांत सापडतो. त्याच्या प्रतीवर प्राचार्यांची किंवा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळ विभागाची सही-शिक्का घ्यायचा.

पहिल्या वर्षाचा निकाल असा लागला. अकाउंटन्सीचे दोन्ही पेपर आणि व्यवस्थापनाची तत्त्वे मिळून मुख्य विषयाचे १२ पूर्ण मान्य झाले. सूक्ष्म अर्थशास्त्राचा पहिला पेपर मुक्त निवडीत ४ क्रेडिटला बसला, दुसरा मायनरमध्ये. तो पेपर ४ क्रेडिटच्या तोडीचा होता, पण मायनरची जागा २ चीच, म्हणून २ मिळाले. इंग्रजीचे २. दुसऱ्या वर्षी दिलेला पर्यावरण अभ्यासाचा सक्तीचा पेपर मूल्यशिक्षणाच्या टोपलीत २ क्रेडिट देऊन गेला. या पेपरची गुणपत्रिका बरेच जण जोडतच नाहीत, कारण तेव्हा तो श्रेणीत मोजला जात नसे. एकूण २२.

विपणनाचे दोन पेपर उत्तीर्ण असूनही कुठेच बसले नाहीत. मुक्त निवड मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरची असावी लागते, आणि विपणन वाणिज्यातच येते. दुसऱ्या वर्षाच्या मुख्य विषयात ते बसवावे अशी विनंती केली होती. पहिल्या वर्षाचा पेपर ४.५ स्तराचा, दुसऱ्या वर्षाची जागा ५ स्तराची, म्हणून ती नाकारली गेली. खालच्या स्तराचा पेपर वरच्या जागेत चालत नाही, हे तक्ता बनवतानाच पाहायला हवे होते.

दुसऱ्या वर्षाच्या ४४ पैकी १२ मिळाले: स्थूल अर्थशास्त्राचे ८ मायनरमध्ये आणि व्यावसायिक संख्याशास्त्राचे ४ मुख्य विषयात. तिसऱ्या सत्रातला कॉर्पोरेट अकाउंटिंग उत्तीर्ण होता, पण तो शिकवला गेला तेव्हाचा पाया कंपनी कायदा १९५६ चा. ताळेबंद जुन्या सहाव्या परिशिष्टाप्रमाणे, घसारा चौदाव्या परिशिष्टातल्या दरांनी. २०१३ च्या कायद्यात ताळेबंद तिसऱ्या परिशिष्टाप्रमाणे होतो आणि घसारा मालमत्तेच्या उपयुक्त आयुष्यावर निघतो. समितीने तो पेपर कालबाह्य ठरवला, आणि आमच्या मते ते बरोबरच होते. कर, कंपनी कायदा, संगणक या विषयांचे दहा वर्षांपूर्वीचे पेपर मागताना ही शक्यता गृहीत धरावी. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, भाषा हे विषय वयाने फारसे झिजत नाहीत.

मागील शिक्षणाचे एकूण ३४ क्रेडिट झाले.

दहा वर्षांचे काय?

अनुभवाबद्दल सर्वांत मोठा गोंधळ राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातल्या गुणकांमुळे होतो. आराखड्यात अनुभवाला भार दिला आहे: एक वर्षापर्यंत १, एक ते चार वर्षे १.३३, चार ते सात वर्षे १.६७, सातच्या पुढे २. वर्षे निव्वळ निर्देशक आहेत. हे वाचून अनेकांना वाटते की दहा वर्षे झाली म्हणजे क्रेडिट दुप्पट. पण गुणायचे कशाला? गुणक लागतो तो मूल्यमापन होऊन मिळालेल्या पात्रतेच्या क्रेडिटला. समजा कोणी २४० तासांची, म्हणजे ८ क्रेडिटची कौशल्य पात्रता परीक्षा देऊन मिळवली आणि त्यानंतर त्याच कामात सातहून अधिक वर्षे काढली, तर मूल्यमापनानंतर १६ पर्यंत जाता येते. पात्रताच नसेल तर शून्याची दुप्पट शून्य. आणि एवढे करूनही त्यांतले किती पदवीत घ्यायचे, ते प्रवेश देणारे विद्यापीठ ठरवते.

अर्जदाराकडे एमएस-सीआयटी आणि टंकलेखनाचे प्रमाणपत्र होते. ज्या प्रमाणपत्रावर तास, स्तर आणि क्रेडिट छापलेले नसतात, त्याला समिती थेट क्रेडिट देत नाही. पुरावा म्हणून मात्र ते जोडता येते.

म्हणून दुसरा मार्ग घेतला: विद्यापीठाच्या स्वतःच्या पूर्वज्ञान मूल्यमापनाचा, म्हणजे कामातून आधीच शिकलेले तपासून क्रेडिट देण्याचा. इथे आधी एक गोष्ट विचारून घ्यायची. पूर्वज्ञानाला क्रेडिट देण्याची पद्धत विद्यापरिषदेने मंजूर केली आहे का, आणि त्याचे परिपत्रक आहे का? परिपत्रक नसेल तर प्राचार्यांचे तोंडी आश्वासन कितीही मनापासूनचे असले तरी परीक्षा विभागात ते चालत नाही. या विद्यापीठात पद्धत होती, आणि ती व्यावसायिक कौशल्य व कौशल्यवर्धन या टोपल्यांपुरती होती. पहिल्या वर्षाचे ८ आणि दुसऱ्या वर्षाचे ४, मिळून १२ क्रेडिट. अर्जात मात्र २० मागितले होते.

पहिला दावा परत आला. त्याच्यासोबत पेढीचे एक ओळीचे पत्र होते: ‘२०१५ पासून अकाउंटंट म्हणून काम करतात, वर्तणूक चांगली.’ त्यातून समितीला काहीच कळत नाही. समितीला वर्षे मोजायची नसतात, त्या वर्षांत काय शिकले ते पाहायचे असते. विक्रीची एकच नोंद दहा हजार वेळा केली तरी ते शिकणे एकाच नोंदीचे.

दुसऱ्या वेळी दावा पेपराच्या अध्ययन निष्पत्तींवरून, म्हणजे पेपर शिकल्यावर काय करता यायला हवे त्यावरून, बांधला. ‘विद्यार्थी बँक मेळ पत्रक तयार करू शकतो’ ही निष्पत्ती असेल तर तिच्यासमोर तीन वेगवेगळ्या महिन्यांची मेळपत्रके, त्यात न वटलेला धनादेश आणि बँकेने परस्पर लावलेले शुल्क कसे हाताळले याचे चार ओळींचे स्पष्टीकरण, आणि पडताळणाऱ्याची सही. जीएसटीसाठी एका तिमाहीची जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) आणि जीएसटीआर-३बी (कराचे सारांश विवरणपत्र), तसेच खरेदी नोंदवही व जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून तयार होणारे पत्रक) यांच्यातल्या तफावतीचा तक्ता. पगारपत्रकासाठी हजेरीपासून भविष्य निर्वाह निधीच्या चलनापर्यंतची एक पूर्ण साखळी. ग्राहकांची नावे, जीएसटी क्रमांक आणि पॅन काळ्या पट्टीने झाकलेले, कारण ती माहिती पेढीची आणि ग्राहकांची आहे. मालकांची लेखी परवानगी सोबत.

नव्या अनुभवपत्रात कामाचा कालावधी, जबाबदाऱ्या वर्षाप्रमाणे, वापरलेली प्रणाली आणि पडताळणाऱ्याचे पद लिहिले होते. नोकरीचा पुरावा म्हणून भविष्य निर्वाह निधीचे पासबुक होते. पण ते २०१८ पासूनचे, कारण त्याआधीचा पगार रोख मिळत होता. पहिल्या तीन वर्षांसाठी टॅलीतल्या तिच्या नावच्या वापरकर्ता नोंदी आणि पेढीच्या सनदी लेखापालांचे पत्र जोडले. छोट्या पेढ्यांवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो. असे पत्र नोकरी सोडण्याआधीच मागून घ्यावे.

मूल्यमापन दोन भागांत झाले. तीन तासांचे प्रात्यक्षिक: टॅलीतल्या कोऱ्या कंपनीत खाती उघडून व्यवहार नोंदणे, बँक मेळ, ३बीचा मसुदा. त्यानंतर तोंडी परीक्षा. प्रात्यक्षिक सहज झाले. तोंडी परीक्षेत कारणे विचारली गेली. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेल्या इनपुट टॅक्स क्रेडिटचे, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीचे, काय होते? २बीमध्ये बिल दिसत नसेल तर ती वजावट का घ्यायची नाही? अनेक वर्षे काम केलेली माणसे इथे अडखळतात. ‘सीए साहेब सांगतात तसं करते’ असे उत्तर येते आणि गुण जातात. हातातली कामे का करतो, हे कायद्याच्या भाषेत एकदा वाचून जायला हवे. दोन आठवड्यांची तयारी पुरते, कारण प्रत्येक नियमाचे उदाहरण डोक्यात आधीच असते. बारा क्रेडिट मिळाले.

उरलेले ८ नाकारले गेले. क्षेत्रप्रकल्पाचे २ आणि समाजसेवा उपक्रमाचे २ ही कामे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करायची असतात, मागील तारखेने मिळत नाहीत. कॉर्पोरेट अकाउंटिंगचे ४ अनुभवावर मागितले होते, पण मालकी पेढीच्या वह्यांत भागभांडवल, बोनस शेअर, विलीनीकरण हे येतच नाही. तिने ते काम कधी पाहिलेच नव्हते. हा दावा करायला नको होता, कारण एका पोकळ दाव्याने समिती बाकीच्या दाव्यांकडेही संशयाने पाहते.

हिशेब आणि प्रवेश

३४ आणि १२ मिळून ४६. पदवी देणाऱ्या संस्थेतून निम्मे तरी क्रेडिट मिळवावे लागतात, म्हणजे १३२ पैकी ६६. तेव्हा मर्यादा आड आली नाही. शिल्लक राहिले ८६: पहिल्या वर्षाचे १४, दुसऱ्याचे २८, तिसऱ्याचे ४४. प्रवेश तिसऱ्या सत्राला मिळाला. पहिल्या वर्षी २८ अधिक १४ म्हणजे ४२, पुढच्या वर्षी ४४. भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण आणि मुक्त निवडीचे पेपर स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरून करायचे ठरले. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे पेपर तिथून करता येतात. मात्र महाविद्यालयाने तो पेपर आधी मान्य केलेला हवा आणि त्याची देखरेखीखालची परीक्षा द्यायला हवी. नुसते ऑनलाइन व्हिडिओ पाहिल्याचे प्रमाणपत्र चालत नाही.

सहाव्या सत्रातले कार्यानुभवाचे ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास, तिला सध्याच्या पेढीवरच करता येतील. त्यासाठी सत्र सुरू होण्याआधी महाविद्यालय व पेढी यांची सहीची योजना आणि रोजनिशी लागेल. हे पूर्वज्ञान नव्हे, चालू शिक्षण आहे, पण वेळ वाचतो.

तीन वर्षांऐवजी दोन वर्षे. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बाईसाठी ते एक वर्ष फार मोठे असते.

दोन गोष्टी अर्जाच्या क्रमाबद्दल. स्थलांतर प्रमाणपत्र समकक्षतेचा लेखी निर्णय हाती आल्यावरच काढायचे. आधी काढले तर जुन्या विद्यापीठाशी नाते संपते, आणि नव्या विद्यापीठाने दावा नाकारला की दोन्हीकडून हात रिकामे. आणि हस्तांतरित क्रेडिट एकूण श्रेणी सरासरीत धरले जाणार की नुसते ‘मान्य’ म्हणून नोंदले जाणार, हे शुल्क भरण्यापूर्वी विचारायचे. या विद्यापीठात जुन्या पेपरांचे गुण श्रेणीत रूपांतरित झाले, पूर्वज्ञानाच्या १२ क्रेडिटना श्रेणी मिळाली नाही. पुढे एम.कॉम.च्या प्रवेशात टक्केवारी विचारतात, तेव्हा याचा फरक पडतो.

नकार आला तर तो पेपरनिहाय कारणांसह लेखी मागा. वर सांगितलेला दावा पहिल्यांदा परत आला तेव्हा पत्रात ‘पुरावा निष्पत्तीशी जोडलेला नाही’ एवढे चारच शब्द होते, आणि दुसरा दावा त्यांच्यावरूनच बांधला गेला.